कच्चा पिवळा

रुग्णालयाच्या तळघरात कपड्यांची खोली होती आणि त्या खोलीत ती एकवीस वर्षं मशीनवर बसत होती. उसवलेले गाऊन, विरलेल्या चादरी, नाड्या तुटलेले पायजमे असं सगळं तिच्या हाताखालून जायचं. सगळे तिला शिवणबाई म्हणत. कापड नुसतं चिमटीत धरून ते किती धुण्यांत विटेल हे ती सांगायची, आणि ते सहसा चुकत नसे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. ओळख झाली तीही लिफ्टमुळेच. ती दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि त्यानं वरून दार फाकवून विचारलं होतं, घाबरलात का. ती म्हणाली होती, घाबरायला वेळ कुठे मिळाला, तुमची वाट बघण्यातच गेला. मूलबाळ झालं नाही. पन्नाशी उलटल्यावर त्याला खाऱ्या पाण्याच्या माशांचं वेड लागलं. भाजीत मीठ कमी पडलं तर हा माणूस ब्र काढत नसे, पण टाकीत चिमूटभर इकडेतिकडे झालं की त्याचं जेवणावरचं लक्ष उडायचं. टाकीखालच्या कपाटाच्या दारावर त्यानं स्वच्छ अक्षरात कागद चिकटवला होता: कुठल्या दिवशी किती पाणी बदलायचं, मीठ किती, दिवा किती तास. तिला मात्र टाकीत हात घालू देत नसे.

टाकीत क्लाउनफिशची जोडी होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. पाहुण्यांना तो सांगे, यांच्यात मोठी असते ती बायको आणि धाकटा तो नवरा, आमच्या घरात आहे तसंच. दोघं दिवसभर पंपाजवळच्या कोपऱ्यात अंग घासत. त्यांना घर हवंय, तो म्हणायचा. घर म्हणजे समुद्रफूल. दिसायला फूल, पण जिवंत प्राणी. त्याच्या बोटांसारख्या पाकळ्या इतर माशांना डसतात, हे मासे मात्र त्यातच लोळतात. ते कधी आणणार असं तिनं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे, टाकी वर्षाची होऊ दे, कोवळ्या टाकीत ते तग धरत नाही.

टाकी नऊ महिन्यांची असताना लिफ्टच्या मोटारखोलीत तो कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, उजवं अंग गेलं, आणि बोलण्यातला एकच शब्द उरला. तो शब्द होता, नको.

पाणी हवं असलं तरी नको, पाणी पुरे झालं तरी नको. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तिला समजावलं होतं की यांना सगळं कळतं, मनात शब्द बरोबर असतो, तोंडातून मात्र हाच निघतो. तेव्हा तुम्ही शब्द ऐकू नका, सूर ऐका. पहिले दोन महिने तिनं सूर ऐकला. मग कामाचा रेटा, अंघोळी, गोळ्या, चादरी, आणि दिवसातून शंभर वेळा तेच ते नको. तिचे कान त्याला सरावले, जसे मशीनच्या खडखडाटाला सरावले होते.

कागदावर लिहिल्याप्रमाणे ती टाकीचं सगळं करत राहिली. टाकीला वर्ष पुरं झालं. तो वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊ लागला होता. तिच्या मनात आलं, याच्या मनातलं समुद्रफूल आता आपण आणावं. त्याला न सांगता.

खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान गावात एकच होतं. दुकानदारानं तीन समुद्रफुलं दाखवली. एक परातीएवढं पसरलेलं. ते म्हणे मोठं झाल्यावर मासेही गिळतं. दुसरं मातकट, पाकळ्यांची टोकं फुगलेली, दगडाच्या फटीत पाय रोवून बसलेलं. तिसरं पिवळंधमक. तिनं विचारलं, माशांना कुठलं आवडतं? तो म्हणाला, सगळीच चालतात हो, पण हे घरात उठून दिसेल. तिच्या डोळ्यांत तो पिवळा भरला. तो कोसळल्यापासून त्या घरात औषधाच्या बाटल्यांखेरीज नवीन काही आलं नव्हतं. बुडाशी एक फिकट, पांढुरका पट्टा होता, रंग न चढलेल्या शिवणीसारखा. तिला तो दिसला होता. पुढे ते तिला खातच राहिलं.

घरी आल्यावर तिनं पिशवी त्याच्यासमोर उंच धरली. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "नको."

ती हसली. तुम्हीच म्हणत होता ना, घर हवं म्हणून.

"नको. नको. नको." डाव्या हातानं तो खुर्चीचा दांडा बडवू लागला. मान हलवून हलवून त्याचा चेहरा लालबुंद झाला. गोळ्या घेतानाही तो कधीकधी असाच करायचा. तिला राग आला. इतक्या हौसेनं वस्तू आणावी आणि त्यावरही हेच ऐकावं? तिनं बाही वर केली आणि समुद्रफूल टाकीतल्या दगडावर ठेवून दिलं. तो तोंड फिरवून बसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

समुद्रफूल दगडाला नीट चिकटलंच नाही. तोंड उघडं पडलेलं, पाकळ्या दिवसागणिक आखूड होत गेलेल्या. मासे त्याच्याकडे फिरकलेही नाहीत. पाचव्या दिवशी टाकी पुसताना तिच्या लक्षात आलं की पिवळा उतरतोय आणि खालून पांढरं दिसतंय. कच्चा रंग. एवढी वर्षं जिनं बोटांनी रंग ओळखले, तिला जिवंत प्राण्याला कुणी रंग चढवेल हे सुचलंच नाही. रविवारी परत नेऊ, असं तिनं ठरवलं.

रविवार यायला दोन दिवस होते. शुक्रवारी सकाळी आठला त्याला टाकीसमोरच्या खुर्चीत बसवून, पाणी आणि बिस्किटं हाताशी ठेवून ती कामावर गेली. दुपारी शेजारीण डोकावून जायची, पण त्या दिवशी तिला तातडीनं बहिणीकडे जावं लागलं. शिवणबाई चारला परत आली तेव्हा जिन्यातच वास आला.

टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. समुद्रफूल दगडावरून सुटून पंपाच्या तोंडात ओढलं गेलं होतं, आणि त्याच्या चिंधड्या, त्याचं विष सगळ्या पाण्यात भिनलं होतं. मोठी मासोळी तळाला आडवी पडली होती. धाकटा वर पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करत होता. आणि टाकीच्या पायथ्याशी, जमिनीवर तो. वॉकर कुशीवर पडलेला. डाव्या मुठीत पंपाची पिन होती, भिंतीतून उपटलेली. किती वेळ तो तिथे होता कोण जाणे. डोळे उघडे होते. ती खाली बसली, तरी तो काहीच बोलला नाही. तो शब्दसुद्धा नाही.

खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं संपलं ते संपलंच.

मोठी नणंद आली. पलंगाजवळ उभं राहून ती म्हणाली की आजारी माणसाला एकटं टाकून जायचं आणि वर घरात असले विषारी जीव आणायचे, हा कुठला शहाणपणा. शिवणबाईनं चादरीची कड दुमडली आणि म्हणाली, "ताई, त्यांनी मला सांगितलं होतं. ते नको म्हणाले होते. मी ऐकलं नाही." नणंदेनं भावाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो बायकोकडे बघत होता.

धाकटा मासा बादलीत जगला. तिनं टाकी रिकामी केली, दगड घासले, पुन्हा मीठ तोलून पाणी भरलं, आणि कागदाप्रमाणे चार महिने नुसतं पाणी सांभाळलं. मग दुकानात गेली.

"ते पिवळं रंगवलेलं होतं ना?" तिनं विचारलं.

दुकानदार टाकीची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "माल वरूनच तसा येतो. तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारते."

त्यानं खाली मान घालून सांगितलं. या माशांना घरच्या टाकीत फुगीर टोकांचं मातकट समुद्रफूल सगळ्यांत बरं, मळकट दिसलं तरी तोच त्याचा खरा रंग. तोंड मिटलेलं हवं. पाय फाटलेला नको. पाकळीला बोट लावलं तर चिकटायला हवं. आणि पंपाच्या तोंडाला जाळी बसवा, ते जागा शोधत हिंडतं. एवढं सगळं त्याला त्या दिवशीही ठाऊक होतं.

तिनं दुकानातल्या प्रत्येक समुद्रफुलाचा फोटो काढला आणि घरी जाऊन पलंगाशी बसली. एकेक फोटो त्याच्यासमोर धरला, घाई केली नाही. पहिल्याला तो म्हणाला नको, तोडून. दुसऱ्यालाही. तिसऱ्यावर त्याची नजर थांबली, बोट उचललं, फोटोत पाय जिथे रोवलेला होता तिथे टेकवलं, आणि अगदी हलक्या आवाजात, लांबवून तोच शब्द म्हणाला. तिनं विचारलं, हेच? त्यानं डोळे मिटले. पूर्वी लिफ्टची मोटार सुरळीत चालू झाली की तो असेच डोळे मिटायचा.

ते मातकट समुद्रफूल टाकीत आलं. पहिले तीन दिवस हिंडलं, मग दगडाच्या खोबणीत पाय रोवून उघडलं. मासा सोळा दिवस त्याच्याजवळ गेला नाही. सतराव्या दिवशी ती गोळ्या मोजत होती, तेवढ्यात नवऱ्यानं तिच्या पदराला झटका दिला. मासा पाकळ्यांत अर्धा शिरला होता. दोघं बघत बसले. त्याचा डावा गाल हसला, उजवा तसाच राहिला.

तो आणखी पाच महिने होता. पडून राहिल्यानं छातीत कफ साठला आणि एका दुपारी, ती उशीचा अभ्रा बदलत असताना, श्वास थांबला.

त्याचे दिवस झाल्यावर नणंदेनं टाकी कुणाला तरी देऊन टाकायला सुचवलं. शिवणबाई उठून टाकीसाठी मीठ तोलू लागली. मासा आता वाढून आधीच्या मासोळीएवढा झाला आहे. दुकानदार म्हणतो, मोठी मादी मेली की यांच्यात धाकटा नराची मादी होतो, आता हिला एक छोटा नर आणा, जमेल. ती बाजारातून येताना दुकानासमोर थांबते, आतल्या लहान माशांकडे बघते, आणि घरी येते. अजून आणलेला नाही.