सोडेस ना...

नलूमावशी गेल्या त्याला महिना होत आला. मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि शेजारून त्यांच्या नातीचा, इराचा मेसेज आला, 'आजी इज नो मोअर.' मीटिंग तशीच टाकून अनवाणी धावले. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या थंडीत! मावशींनी बघितलं असतं तर आधी माझ्यावरच डाफरल्या असत्या.

सांगून खरं वाटणार नाही, पण रत्नागिरीच्या या बाईंना शेवटी शेवटी वेड लागलं होतं ते एका निवृत्त जपानी फुटबॉलपटूचं. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. हा गडी आता घरी भात शिजवतो, परसात मुळे उपटतो, त्याचे व्हिडिओ टाकतो आणि जगभरातली माणसं ते बघत बसतात. इराने सहज एक लावून दिला आणि आजी अडकल्या त्या अडकल्याच. प्रत्येक व्हिडिओखाली मराठीत कॉमेंट, 'बाळा, भातात पाणी कमी पडलंय.' त्या कॉमेंटला कुठल्या कुठल्या देशांतून लाइकचे लाल बदाम यायचे! "मावशी, त्याला मराठी कुठे येतं?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "भाताला भाषा लागते होय गं?"

अशा हसऱ्या बाई, पण सख्ख्या धाकट्या बहिणीशी, कुसुमशी, कित्येक वर्षं अबोला. दोघींची आई गेली तेव्हा मावशी विमानात होत्या, घरी पोचल्या तोवर कुसुमने अंत्यसंस्कार उरकलेले. "माझ्यासाठी थांबली नाही," एवढंच म्हणायच्या आणि विषय बंद. तो सल त्यांना आतून खात होता, मला दिसायचं ते.

त्या जपान्याने म्हणे शेवटच्या सामन्यात पेनल्टी हुकवली होती. लोक मेले अजून तेच उगाळतात. एका व्हिडिओत कुणीतरी पुन्हा तेच विचारलं, तर तो मुळा धुता धुता हसला आणि म्हणाला, "सो देस ने..."

मावशींनी व्हिडिओ थांबवला. "ऐकलंस? 'सोडेस ना' म्हणतोय. सोडशील ना, असं!"

"अहो, तो जपानी बोलतोय!"

"बोलेना का. मला म्हणाला."

आणि माझ्यासमोरच त्यांनी रत्नागिरीला फोन लावला. "कुसुम... ताई बोलत्येय." पुढे दोघी नुसत्या रडत होत्या. मीही रडले, लाज कसली त्यात!

इराने नंतर शोधून काढलं. "आजी, ही वॉज जस्ट सेइंग, 'हो ना, खरंय.'"

"मग? खरंच आहे की ते," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर दोघी रोज बोलायच्या, व्हिडिओसुद्धा फोन चालू ठेवून एकदमच बघायच्या. मावशी अचानक गेल्या तेव्हा कुसुममावशींकडे व्हिसा नव्हता. अग्नी देण्याआधी मावशींच्या मुलाने त्यांना फोनवर विचारलं, "मावशी, थांबू का तुझ्यासाठी?" कुसुममावशी म्हणाल्या, "नको रे राजा. तिला ताटकळत ठेवू नकोस."

परवा त्या जपान्याचा नवा व्हिडिओ आला. मी सवयीने खाली बघितलं. जगभरच्या कौतुकात मराठीतली एकच ओळ होती, कुसुममावशींची.

'बाळा, ताई गेली. या वेळी मला पोचता आलं नाही रे.'