भिंतीला डोकं टेकवायचं होतं

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा सकाळी जरा वाकून चालतो, भूकंपात पाठीत भरलंय. माझं माहेर देवणीचं. भिंती आमच्याही तडकल्या होत्या, त्यामुळं कुणी खोलात विचारलं न्हाई. खरं म्हणजे त्या पहाटे हे लातुरात भाड्याच्या खोलीवर होते आणि यांच्या अंगावर खडासुद्धा पडला नव्हता. पुढं गावाकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, दगड उपसले, एवढंच. पण त्या वर्षांत आमच्याकडं कुणाचं काहीही दुखलं तरी ते भूकंपानंच. शिबिरातल्या डॉक्टरनं कमरेचा पट्टा दिला आणि आराम सांगितला. यांनी वर्षानुवर्षं पट्टा बांधून आराम केला, आणि पाठ आणखीच आखडत गेली.

तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. हे फिजिक्स शिकवायला लागले आणि यांचं नाव झालं. नायगाव, देगलूरहून पोरं यायची. फळ्याकडं वळायचं तर हे कपाट सरकवल्यासारखे अख्खे वळायचे. मग मान खाली चालली. शेवटी नांदेडच्या एका सांध्यांच्या डॉक्टरनं फोटो काढले, रक्त तपासलं आणि सांगितलं, भूकंपाला उगीच बदनाम केलंत. हा सुजेचा वात. मणक्यांना सूज येते आणि हळूहळू ते एकमेकांना चिकटतात. औषध घ्यायचंच, पण रोज व्यायाम पाहिजे. न्हाईतर मान वाकेल तशीच जाम होईल, मग जमीनच बघायची.

परतताना गाडीत हे एकच बोलले, "मला पोरांची तोंडं दिसायला पाहिजेत."

करोनात सगळं बंद झालं आणि व्यायाम फोनवर आला. शिकवणारी पुण्याची, आमच्या लेकीच्या वयाची. यांना सर म्हणायची, मला काकू. पालथं पडून छाती उचलायची, हनुवटी आत घेऊन मान मागं न्यायची, श्वास भरून बरगड्या फुलवायच्या. हा व्यायाम रोज आपला आपण करायचा आणि महिन्याला तिच्यासमोर परीक्षा. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहायचं, नजर समोर, आणि डोकं भिंतीपासून किती लांब राहतं ते मी बोटांनी मोजून सांगायचं. पहिल्यांदा तीन बोटं निघाली. दुसऱ्या महिन्यात दोन. पुढं तर डोकं टेकलंच की! पोरगी खूश, मी खूश. हे तर वर्गात पहिले आल्यासारखे मिशीत हसले.

फोन मात्र समोरून धरायला लावायचे. "तोंड दिसू दे तिला," म्हणायचे. मी आपली धरायची.

एकदा ऐन वेळी फोनची बॅटरी उतरली. चार्जरची वायर आखूड, म्हणून मला बाजूला, बटणापाशी उभं राहावं लागलं. पोरगी फोनजवळ वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "सर, हनुवटी खाली घ्या. छताकडं बघू नका."

हे हलेनात.

"घ्या ना खाली," मी म्हटलं.

यांनी हनुवटी खाली घेतली आणि डोकं भिंतीपासून सुटलं. मी हात घातला. बोटं कसली मोजता, अख्खी मूठ गेली मधे.

मग सगळं बाहेर पडलं. मी सकाळी स्वैपाकात असायची तेव्हा हे पालथे पडतच नव्हते. भिंतीला उभे राहून तोंड वर करायचे आणि डोकं टेकवायची तेवढी प्रॅक्टिस करायचे. आमच्या लातूरचीच ही रीत. जे विचारणार तेच घोटायचं, बाकीचं सोडून द्यायचं. असं घोटवून घोटवून यांनी केवढी पोरं डॉक्टर केली. पण हाडाला कुठं मागल्या वर्षीचे पेपर असतात?

माझं डोकं फिरलं. "कुणाला फसवायलात? ती पोरगी काय तुम्हाला सर्टिफिकेट देणार हाय?"

 यांनी फोनकडं बघून विचारलं, "गेलं ते परत येईल का?"

ती बिचारी कचरली, पण खोटं बोलली न्हाई. "जे चिकटलं ते न्हाई येणार, सर. अजून जे हलतंय ते राखायचं."

दुसऱ्या दिवशी मी कणीक तशीच टाकून बाहेर आले आणि सतरंजीशेजारी बसले. हे पालथे पडले. छाती उचलताना तोंडातून आई गं निघालं. दुखत होतं, मला दिसत होतं, आणि माझा जीव तुटत होता. तरी उठू दिलं न्हाई. रोज असंच. कधी माझ्यावर ओरडायचे, कधी घुम्यासारखे करायचे.

महिना भरला. हे भिंतीला उभे राहिले, हनुवटी आत, नजर समोर. मी मूठ घातली. ती गेली, पण घासून, मागल्या खेपेसारखीच.

"किती?" यांनी विचारलं.

"तेवढंच. अंतर वाढलं न्हाई."

 इतक्या वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. यांचे डोळे भरून आले आणि मान खाली जायला लागली. मी हनुवटीखाली हात धरला.

"रडायचं तर रडा," मी म्हटलं, "पण मान वर ठेवून रडा."