वरचा मजला गैरहजर

मागच्या वर्षीचा तान्हा पोळा, रविवारची दुपार. स्थळ: पुलगाव, आमच्या घराची पुढची खोली. हजर: मी, माझे पती, सासूबाई, मुलगी आणि सिंदीहून आलेले मोठे दीर. शिवाय बाथरूमला दाराऐवजी लावलेल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले एक पुढारी. त्यांना मताचा अधिकार नव्हता. गैरहजर: वरचा मजला.

शाळेच्या ऑफिसात सभांची टिपणं मीच लिहिते, त्यामुळे घरातही आधी हजेरी लागते. विषय एकच होता. मोठ्या दिरांनी ओळखीने कर्जाची सोय लावून आणली होती. ते घेऊन स्लॅब टाकायचा, वर खोली काढायची आणि भाड्याने द्यायची. की साठवलेल्या पैशात मुलीला सेवाग्रामला नर्सिंगला घालायचं आणि घराला पुन्हा थांबायला सांगायचं? फी आणि हप्ता, दोन्ही एकदम झेपणार नव्हतं. फी भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

थांबायची आमच्या घराला उत्तम सवय आहे. भिंती झाल्या, कॉलम झाले, बाहेरून कठड्यासकट जिना झाला, आणि स्लॅबच्या तोंडाशी पैसे संपले. मग वर टीन टाकली. सध्यापुरती. तो जिना आजही ऐटीत वर जातो आणि टिनेच्या कडेला पोचून विचारात पडतो. भिंतींना बाहेरून छपाई नाही, सध्यापुरती. ओट्यावर ग्रॅनाइटऐवजी शहाबादी फरशी, सध्यापुरती. बाथरूमला निवडणुकीनंतर उतरवलेला फ्लेक्स, तोही सध्यापुरता. त्या पुढाऱ्याने तेवढ्यात दोनदा पक्ष बदलला, पण आमच्या बाथरूमची जागा सोडली नाही. एवढी निष्ठा त्याने दुसरीकडे दाखवल्याचं ऐकिवात नाही.

मोठे दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. मी त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढत असले, तरी प्रश्न माझ्या पतींमार्फत येतो.

"तिले विचार," ते पतींना म्हणाले, "जिना बांधला, मंग मजला काऊन नाई बांधला?"

"दादा विचारून राह्यले, मजला काऊन नाई बांधला," पतींनी टपाल पोचवलं.

"त्यायले सांगा, जिना उतरायलेबी कामी येते."

"माह्या वड्या वाळतात तिथं," सासूबाई म्हणाल्या. "मजला झाला त मी कुठं वाळवू?"

दिरांनी वड्यांची दखल घेतली नाही. "आपल्या घराण्यात बिना छपाईचं घर कोणाचंच नाई. लोक हासतात. कर्ज घ्या, भाड्यातून आपोआप फिटते. पोट्टी पुढच्या वर्षी शिकन."

आपोआप फिटणाऱ्या कर्जाबद्दल मी बरंच ऐकलं आहे. फिटलेलं पाहायचं राहिलं आहे.

"मोठेबाबा," मुलगी म्हणाली, "खोली पुढच्या वर्षीबी बांधता येते. माहा नंबर पुढच्या वर्षी लागन का, मालूम नाई."

हिला नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायला टेबल नव्हतं. मोबाइलची रेंज फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर मिळते, म्हणून ती बारावीभर तिथेच बसली, खाली एक पायरी सोडून सासूबाईंच्या वड्या. जिन्याने एवढं तरी केलं म्हणायचं.

पण मी गप्प राहिले नाही. शहाण्या माणसाने जिथे थांबावं तिथे मी सुरू होते. म्हटलं, "चूक माहीच हाये. बांधकामाच्या यादीत जिना चौथा लिहिला आन् बाथरूमचं दार नववं. तवाच उलट लिहिलं असतं त आज हे ऐकावं लागलं नसतं." हे वाक्य मी दरवर्षी म्हणते. सणाला पुरण आणि हे वाक्य, दोन्ही ठरलेलं.

माझे पती शेतीपंपांच्या मोटार वायंडिंगचं काम करतात. जळालेली मोटार कोणी जाळली, हे ते शेतकऱ्याला विचारत नाहीत. तार काढतात, नवी भरतात. ते म्हणाले, "तवा सिमेंट-लोखंडवाला उधार देत होता, सुतार रोख मागे. म्हणून जिना झाला, दार राह्यलं. अक्कल कमी नव्हती, पैसा कमी होता. हे वाक्य आता तुह्या यादीतून काट."

कोणाचं टपाल नसताना ते एवढं बोलले, म्हणून मी त्यांच्या पोळीवर जास्तीचं तूप वाढलं.

ठराव काही झाला नाही. मोठे दीर रागावल्यासारखे उठले आणि बाथरूमकडे गेले. आमच्याकडे कडी नसल्यामुळे एक नियम आहे: आत असलेल्याने काहीतरी बोलत राहायचं. सासूबाई देवाची नावं घेतात, मुलगी हाडांची. दीर आधी खाकरले. मी तुपाची वाटी ठेवायला मागे ओट्याशी आले होते, तेवढ्यात फ्लेक्समागून आवाज आला.

"बाई."

मी मागे पाहिलं. दुसरी बाई कोणी नव्हती. लग्नापासून पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलत होते, मध्ये एक पुढारी धरून.

"जी, भाऊजी."

"घाई नोका करू. माह्या गेटावर ते दोन शेर हाये ना, त्यायचा हप्ता मी अजून भरून राह्यलो. छपाईचाबी. पोरीची फी भरा. अन् मायले सांगू नोका."

त्यांच्या गुलाबी दुमजली घराचा दाखला आम्हाला प्रत्येक सणाला मिळत आला होता. सिंहांसकट.

"मले आयकू आलं," सासूबाई पुढच्या खोलीतून म्हणाल्या. फ्लेक्सने आजवर काहीच अडवलेलं नाही.

दीर बाहेर आले, हात पुसले आणि पतींना म्हणाले, "तिले सांग, पोळी चांगली झाली." शिस्त पूर्ववत सुरू. कर्जाचे कागद त्यांनी घडी करून परत खिशात घातले. सासूबाईंनी त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी टाकली आणि सिंहांचा विषय त्या दिवसापुरता काढला नाही. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते मी सांगू शकते.

सोमवारी फी भरली. आता मुलगी रेल्वेचा पास काढून जाते-येते. पायरी रिकामी झाल्यामुळे वड्यांचा विस्तार झाला आहे. ते वार्षिक वाक्य मी यंदाच्या पोळ्याला म्हटलं नाही. दोनदा ओठांवर आलं, पण तेवढं चालायचं.

नव्या यादीत बाथरूमचं दार पहिल्या क्रमांकावर आहे. सुताराला माप द्यायचं राहिलं आहे.