मागच्या चाकाचं रबर

"वाचू दे तिले, इंग्रजी शाळेतली पोरगी आहे. पन आकडे वाचता आले म्हणजे टायर समजते थोडीच!"

बाकावर चहा पीत बसलेला ट्रक ड्रायव्हर शेजारच्याला म्हणाला. हळूच, पण मला ऐकू येईल इतपत. मी आमच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसून टायरवरचं पुसट माप वाचत होते. ते काम बाबांनीच दिलं होतं. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्या मापाचे टायर आता सहसा मिळत नसत. चारही गोटा झाले होते. हात फिरवला तर पाटीसारखे गुळगुळीत.

घुग्घुसच्या त्या दुकानात कोळशाच्या ट्रकांचीच गर्दी. दुकानदार चाचांनी माळ्यावरून आमच्या मापाचे दोन कोरे टायर काढले आणि दोन रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले.

"कोरे और दोन परवा नागपूरहून येतीन. तोपर्यंत हे चालवा."

"पुढं कोरे, मागं रिमोल्ड," बाबा लगेच म्हणाले. त्यांचं अर्धं आयुष्य ट्रकांच्या फेऱ्या लावण्यात गेलं होतं. ट्रकवाल्यांचा हा नियम त्यांना पाठ होता.

"बराबर, भाऊ. स्टेरिंग पुढंच राह्यते ना," बाकावरून दुजोरा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला ताईला आणायला अहेरीला जायचं होतं. तिला आठवा लागला होता, पहिलं बाळंतपण आमच्याकडे. मागच्या सीटवर उशा लावून तिला आणायचं, हे आईनं कधीच ठरवून टाकलं होतं. आष्टीच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो. तिथे गाडी बंद पडली तर तासभर माणूस दिसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर आमच्या पुढच्या ट्रकच्या मागच्या टायरचं रबर सुटलं होतं. बार उडावा तसा आवाज झाला आणि एक काळी पट्टी आमच्या बॉनेटवर येऊन आदळली. ट्रक मात्र तसाच पुढे निघून गेला. तो कसा काय गेला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी भिंतीला टेकवलेल्या रिमोल्डच्या कडेवरून बोट फिरवलं. जुनं आणि नवं रबर जुळतं तिथे एका जागी नख आत गेलं. मी हात झटकन मागे घेतला, जणू मीच ते फाडलं होतं.

समोर एक ट्रक उभा होता. मागच्या बाजूला चाकं जोडीनं, एकाला चिकटून दुसरं. एक गेलं तरी दुसरं तोलून धरणार. माझी नजर आमच्या गाडीच्या एकट्या मागच्या चाकाकडे गेली.

तरी तोंड उघडेना. दुकानात सगळे पुरुष. माझं अर्धं पुस्तकी, अर्धं घरचं मराठी ऐकून लोक हसतात, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. शिवाय चारचौघांत बाबांना चुकीचं ठरवायचं? आणि माझंच चुकत असलं तर?

जॅक लागला. मागचं चाक अधांतरी झालं. नट सुटू लागले.

"काऊन गं, तोंड काऊन उतरलं तुझं?" बाबांनी विचारलं.

"काई नाई."

ड्रायव्हर गालातल्या गालात हसला. कामगार रिमोल्ड ढकलत आणू लागला. ती फट वर यायची, खाली जायची, पुन्हा वर. मला टायर दिसतच नव्हता. पोटावर हात ठेवून खिडकीला टेकलेली ताई दिसत होती.

मी उठले आणि टायरच्या आडवी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"बाबा, ट्रकले मागं जोडी राह्यते, आपल्या गाडीले एकेकच चाक आहे. आपण परवा जाऊ. ताई मागंच बसन ना."