गोळ्या भरायचं मशीन आणि तीन कप चहा

आमच्या धुळ्याच्या रायफल क्लबात गोळीबारानंतर रिकाम्या पुंगळ्या बादलीत पडतात. किस्सेही तसेच पडतात. पुंगळ्या मी उचलतो, किस्से कोणी उचलत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्याने आत्ताच उठून जावं!

माझं काम साधं. पिस्तुलाची उडवलेली पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी देणारी नवी कॅप बसवायची, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर शिसं दाबायचं. परत गोळी तयार. क्लबाकडे याचं रीतसर लायसन आहे, नाहीतर उद्या मलाच आत टाकाल.

हे सगळं ज्यावर करायचं त्या जुन्या प्रेसवर एका ओढीत एकच काम होतं. एका गोळीला चार-पाच वेळा हँडल ओढायचं. तीस वर्षं ओढलं. आता उजवा हात थरथरतो. खोटं कशाला बोलू?

*

भरायच्या खोलीत कोणी बोलायचं नाही, हा माझा कायदा. दारू दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटतं. पडलीच नाही तर शिसं नळीत अडकतं, आणि मागची गोळी नळी फाडते. हे सगळ्यांना पाठ आहे.

तरी एकदा शिरपूरच्या एका मेंबरने दारातून डोकं घातलं. "आबा, जेवलात का?"

मी पन्नास पुंगळ्यांमधली दारू परत डब्यात ओतली आणि पहिल्यापासून भरायला बसलो. तो दारातच उभा. शेवटची झाली तेव्हा मी म्हटलं, "नाही जेवलो. तुझ्यामुळे!"

आता तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला विचारत नाही.

*

साक्रीकडची वैशाली आमची सगळ्यात चांगली नेमबाज. बाप कोरडवाहू शेती करतो, पोरगी एसटीने येते. राज्याची स्पर्धा तोंडावर, सराव दुप्पट, आणि माझ्या हातून गोळ्या निम्म्या. सेक्रेटरी प्रकाशभाऊ म्हणाले, "आबा, नवीन मशीन आणू. एका ओढीला एक अख्खी गोळी बाहेर!"

वैशाली फटकन म्हणाली, "मी नही मारस मशीननी गोळी. माले आबांना हातनी जोयजे."

"मग स्पर्धेत दगड मार!" मी म्हटलं. पण माझ्याच हातची पाहिजे म्हणाली, म्हणून रात्रभर बरं वाटत राहिलं, हेही सांगून टाकतो.

*

मशीन निवडायला क्लबात मीटिंग. एकाला लाल पाहिजे, कारण त्याचा ट्रॅक्टर लाल! नशिराबादचे एक रिटायर्ड मास्तर मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेले. "आबा, तो गोरा माणूस गप्पा मारत मारत तासाला हजार भरतो."

"मास्तर, त्याच्या शेजारी उभे राहू नका."

प्रकाशभाऊंना पण स्पीडच पाहिजे. मी विचारलं, "तासाला हजार भरून उडवणार कोण? निम्मे मेंबर केळीच्या बागेत, निम्मे कापसाच्या जिनिंगवर!"

शेवटी ठरलं, तीन कंपन्यांची माणसं मशीन घेऊन येतील आणि आबा निवडेल. बरोबरच आहे. फुटलं तर शिव्या आबालाच बसणार होत्या.

*

पहिला आला, टाय लावून. धडाधड हँडल ओढायला लागला. मी ऐन मध्ये कप पुढे केला. "चहा घ्या, साहेब."

बिचारा थांबला, प्यायला, पुन्हा सुरू. त्याच्या मशीनची पुंगळ्या बसवलेली थाळी हाताने फिरवावी लागायची. चहाच्या नादात ती फिरवायची राहिली. एकाच पुंगळीत दोनदा दारू! मी ओतून दाखवली. टाय सैल झाला.

दुसऱ्याची थाळी आपोआप फिरायची. त्यालाही चहा. त्याने कप घेता घेता एक पुंगळी काढून मला दाखवली आणि ठेवताना दारूचं घर सोडून पुढच्या घरात ठेवली. दारूच नाही, वर शिसं बसलं! म्हणाला, "काका, तुम्ही चहा दिला म्हणून झालं."

"उद्या माझ्या घरून फोन येईल. मग कोणाला सांगू?"

तिसऱ्याचा कप भरला. त्यानेही तीच चूक केली. पण हँडल खाली आलं तसं मशीन ओरडलं, टीं! दारू कमी-जास्त झाली की ते ओरडतं. तो माणूस लाजला.

मी म्हटलं, "हेच आणा."

प्रकाशभाऊ चिडले. "आबा, तिन्हींत हेच हळू शे!"

"मी पण हळू शे. जोडी जमेल."

*

खंडेनवमीला मशीनची पूजा. झेंडूचा हार, हळद-कुंकू, सगळं ठीक. मास्तरांनी भक्तीच्या भरात अक्षता टाकल्या, त्या नेमक्या कॅपच्या नळीत! मशीन जाम. मी टाचणीने एकेक तांदूळ काढत बसलो.

मास्तर म्हणाले, "आबा, देवाचं आहे, रागावू नका."

"देवावर नाही रागावलो. तांदळाचं काम ताटात असतं, एवढं मास्तराला कळू नये?"

*

मशीन चालू लागलं. सगळे त्याच्या गोळ्या उडवत होते, फक्त वैशाली नाही. माझ्या हातच्या जुन्या दोन पेट्या पुरवून पुरवून वापरत होती. स्पर्धेला पंधरा दिवस. मी रागावलो, प्रकाशभाऊंनी समजावलं. पोरगी ढिम्म.

एके सकाळी मी भरत बसलो होतो. एक पुंगळी जरा चेपल्यासारखी वाटली म्हणून काढून बोटात धरली होती. दार वाजलं. वैशाली. हातात कप. तिने कधी कोणाला पाणी दिलेलं मी पाहिलं नाही!

"आबा, चहा ल्या."

खोलीत बोलायचं नाही हे विसरली की काय? पण पोरीने पहिल्यांदा आणलेला, आल्याचा. मी पुंगळी थाळीत ठेवली, कप घेतला. बशीत ओतून शांतपणे प्यायलो. "बरा झालाय," असंही म्हणालो. मिशी पुसली आणि हँडल ओढलं.

टीं!

पुंगळी मीही एक घर पुढेच ठेवली होती. वैशालीने रिकामी कपबशी उचलली.

"आते मशीननी मारसू, आबा. भरा दोन पेट्या."