रोवणीतला पॉडकास्ट

मला पॉडकास्टचं वेड लागलं ते शाळेच्या वाटेवर. घरापासून मोहाडीची शाळा मोटारसायकलने पंधरा मिनिटं आणि एक भाग सात मिनिटांचा, म्हणजे जाता जाता दोन ऐकून होतात. जगातल्या अजब गोष्टी एक बाई फार छान समजावून सांगते. ऐकलेलं पोटात राहत नाही हा माझा जुना रोग, त्यामुळे मी स्टाफरूममध्ये शिरलो की सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या आठवतात.

यंदा रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मी एक दिवस रजा टाकून शेतावर गेलो. शेताच्या तुकड्यांपैकी दोन बांध्या लावायच्या उरल्या होत्या. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, आधीच वयाबाहेर चालली होती आणि रोवणाऱ्या बाया दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या शिवारात लागणार होत्या. आज झालं नाही तर एक बांधी पडीत राहणार हे उघड होतं. अशा दिवशी शहाण्या माणसाने बांधावर, आमच्याकडच्या धुऱ्यावर, गुमान उभं राहून रोपांच्या पेंढ्या फेकाव्यात. मला ज्ञानदान सुचलं. बाया सकाळपासून गात होत्या. म्हटलं, रोज तीच गाणी, आज काही नवं ऐकू दे यांना. फोनचा आवाज मोठा केला.

पहिलाच भाग समुद्रातल्या आठ हातांच्या ऑक्टोपसचा. त्याला तीन हृदयं असतात म्हणे. रांगेतली सगळ्यात म्हातारी काकू कंबर सरळ करून उभी राहिली.

"तीन कायले पाह्यजे त्याले?"

"एक नवऱ्यासाठी, एक सासूसाठी, एक आपलं आपल्याले," शेजारची म्हणाली. "आपल्याले एकातच सारं भागवा लागते."

झालं, सगळी रांग उभी राहून हसायला लागली. पुढच्या भागात फ्लेमिंगो पक्षी खाण्यामुळे गुलाबी होतो असं निघालं. त्यावर, जन्मभर भात खाऊन आपण पांढरे काहून नाही झालो, यावर चांगली चर्चा रंगली. मी खुशीत होतो. माझ्या वर्गात कधी इतके प्रश्न येत नाहीत.

दुपारी पाहतो तर पहिली बांधीही अर्धीच झालेली. रांगेत माझी बायकोही होती. ती जवळ येऊन म्हणाली, "बंद करा ते. हात गाण्यावर चालते, तुमच्या त्या बाईवर नाही."

मला आधी राग आला, मग तिचं पटलं, आणि पटल्यावर स्वतःचाच जास्त राग आला. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी सूर धरायचा, त्या तालावर सगळ्यांनी एकदम वाकून मागे सरकायचं, हे मी लहानपणापासून येता-जाता लांबून पाहत आलो होतो. फोन डब्याच्या पिशवीत टाकला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो.

पण मोडलेलं गाणं काही जुळेना. सकाळपासून ओळ उचलणाऱ्या काकूचा घसा हसून आणि बोलून बसला होता.

"आता तूच सुरू कर, बाबू," ती मला म्हणाली.

"मले नाही येत, काकू."

"काहून? तुह्या मायचंच त गाणं हाय. हे सारी रांग तिच्याच मांगं शिकली."

आईला जाऊन चार वर्षं झाली. ती रोवणीत गायची हे मला ठाऊक होतं. आमच्या बांधीतलं गाणं तीच उचलायची हे मात्र ठाऊक नव्हतं. शाळा-कॉलेजच्या वयात मी रोवणीच्या दिवसांत घरी पुस्तक घेऊन बसायचो आणि त्याचा मला अभिमान होता. भर चिखलात मला फार वाईट वाटलं.

बसल्या घशाने काकूने एक ओळ सांगितली. मी चुकीची म्हटली. तिने परत सांगितली. मग बायांनी सूर धरला आणि हात चालू लागले. त्याच चार ओळी फिरवून फिरवून म्हणत आम्ही दिवस मावळायच्या आत दोन्ही बांध्या संपवल्या.

पाय धुताना मी काकूला पुढच्या ओळी विचारल्या.

"त्याच्या पुढचं तुही मायच म्हणे, बाबू," ती म्हणाली. "आमी मांगून नुसता सूर देत होतो."