एका फोल्डरपुरतं

नारपोलीत एका कारखान्याच्या माडीवर मी कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठांची डिझाइनं काढायचे. खाली लूम सुरू झाले की माझं टेबल थरथरायचं, त्याची सवय झाली होती. मामाची मात्र कधीच झाली नाही.

मामा खारबावला राहायचा. आयुष्यभर त्याने याच कारखान्यासाठी काठ काढले, शेवटची काही वर्षं डॉसवरच्या एका जुन्या प्रोग्रामवर. तो घरी बसला, त्याचा कॉम्प्युटर भंगारात गेला आणि मग शेठना नेमके तेच जुने काठ हवे झाले. मामा तो प्रोग्राम आणि डिझाइनं असलेल्या फ्लॉप्यांचा डबा घेऊन हजर. मी पहिलीच फ्लॉपी घातली आणि अँटिव्हायरसने बोंब मारली.

"मामा, यात व्हायरस आहे रे."

"हाय ना. पयल्यापासून हाय. स्क्रीनवरची अक्षरं गळून खाली पडतात. मी तवर चहा पितो, मंग परत चालू करतो."

मी कपाळाला हात लावला. व्हायरस साफ करून बघितला, तर प्रोग्रामच उघडेना, आणि ती डिझाइनं दुसऱ्या कशात दिसत नव्हती. शेवटी एम्युलेटर टाकला. हा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरच्या आत जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करतो. त्या सोंगात व्हायरस हवा तेवढा नाचू दे, मला काय! पण एक मेख होती. खऱ्या कॉम्प्युटरमधलं जे फोल्डर आपण एम्युलेटरच्या हाती देतो, ते त्याला खरंच मिळतं; तिथल्या फायली तो बिघडवू शकतो. म्हणून मी एकच फोल्डर दिलं आणि त्यात फक्त फ्लॉप्यांची नक्कल ठेवली.

हे मी शेठना समजावलं. मग मामाला. मग पुन्हा शेठना, कारण ते रोज विचारायचे, "मॅडम, वो व्हायरस बाहर तो नहीं आएगा ना?"

"नाही येणार, शेठ. दुसरं काही उघडून देऊ नका, बस."

मावसबहिणीच्या हळदीला म्हणून मी सुट्टी घेतली. परत आले तर मामा आणि शेठ दोघं माझ्या खुर्चीशी उभे. सुताच्या वजनाचा हिशेब करणारा शेठचा जुना प्रोग्राम उघडा होता आणि त्याचे आकडे टपाटप खाली पडत होते.

"काय केलंत?"

"कुछ नहीं. मामाची डिझाइन सापडत नव्हती, म्हणून पूरा सी ड्राइव्ह दे दिया. मग म्हटलं, हा पण जुनाच प्रोग्राम, यातच चालवून बघू. आत चालतं ते सेफ, असं तुम्हीच बोलला होता ना?"

"मी एका फोल्डरपुरतं बोलले होते!"

"फोल्डर क्या, ड्राइव्ह क्या, सब अंदर ही है ना?"

मामा खुशीत होता. "बघ, शेठकडं पण गळाय लागली. मी सांगत व्हतो, त्याला काय होत न्हाय."

मी दोघांना चहाला पिटाळलं. बोलत बसले असते तर भांडण झालं असतं. नेटची वायर काढली, सगळा कॉम्प्युटर तपासला. त्यांनी आत उघडलेले जुने प्रोग्राम तेवढे बाधले होते. माझ्याकडे सीडीवर प्रत होती म्हणून सुताचा हिशेब परत बसवता आला. नंतर मी पुन्हा एकच फोल्डर दिलं, मामाला शेजारी बसवलं आणि प्रत्येक काठ स्क्रीनवर आणून त्याचं चित्र जपून ठेवलं. मधेच अक्षरं गळायला लागली की बंद करायचं, नव्याने सुरू करायचं. शेवटची फ्लॉपी संपली तेव्हा ते फोल्डर मी पुसलं आणि कोणालाही विचारलं नाही.

त्या काठांपैकी एक पहिल्यांदा विणून आला तेव्हा शेठनी ती साडी मामाला दिली. मामाने ती कौतुकाने मामीसमोर उलगडली. तिने पदर नीट निरखला आणि ती म्हणाली, "रंग बरा हाय. काठ लय जुना वाटतो."